कातळावर गाडी जोरात आदळल्यानंतर दोष शोधताना या चुका टाळा

राजापूर, देवगड, रत्नागिरी या पट्ट्यात पिकअप किंवा छोटा ट्रक चालवणाऱ्याला डांबर सोडून सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) उतरणे चुकत नाही. चिरेखाणीतून चिरे आणायचे असोत, बागेतून आंब्याच्या पेट्या काढायच्या असोत किंवा खाडीकाठच्या जेटीवरून मासळी उचलायची असो, वाटेत जांभ्याचे खडक, खचलेल्या मोऱ्या आणि पावसाळ्यात पाण्याखाली न दिसणारे खड्डे असतातच. चाक आदळले की चालक उतरून टायरची हवा बघतो, खाली वाकून तेल गळत नाही ना एवढे बघतो आणि पुढे निघतो. खरी तक्रार त्यानंतर काही दिवसांनी सुरू होते. स्टिअरिंग थोडे वाकडे राहते, महामार्गावर ठरावीक वेगाला थरथर येते, रिकामी गाडी मागून उडते किंवा वळणावर कुठून तरी खट्ट असा आवाज येतो. मग शॉकअप बदलले जातात, अलाइनमेंट होते, पैसे जातात आणि दोष मात्र आहे तसाच राहतो.

याचे कारण बहुतेक वेळा असे असते की, दणका ज्या वाटेने गाडीत शिरला त्या वाटेने तपासणी झालेलीच नसते. दणका आधी टायर खातो, मग रिम, मग हबचे (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचे) बेअरिंग, त्यानंतर नकल (पुढचे चाक ज्यासह वळते तो भाग), आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा) किंवा अ‍ॅक्सल, पुढे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि बुश (सांध्यातले रबरी अस्तर), आणि सर्वांत शेवटी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. यांपैकी प्रत्येक भाग थोडाथोडा मार सोसून उरलेला पुढे ढकलतो, त्यामुळे एकाच दणक्यात दोन-तीन ठिकाणी इजा होऊ शकते. तपासणीही जमिनीकडून वर याच क्रमाने करावी, आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी किंवा फिरवण्यापूर्वी आहे त्या स्थितीत मोजणी करून ती लिहून ठेवावी.

अलाइनमेंटपासून सुरुवात करणे

गाडी एका बाजूला ओढू लागली की पहिली धाव अलाइनमेंटच्या दुकानाकडे जाते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो. अलाइनमेंट ही चाकांच्या कोनांची जुळवणी आहे, दुरुस्ती नव्हे. टाय रॉड (स्टिअरिंगच्या जोराने चाके वळवणारी दांडी) वाकलेला असला, तरी त्याचे टोक फिरवून चाके पुन्हा समांतर करता येतात. कागदावर टोचे (चाके पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे) आकडे बरोबर येतात, चालकाला गाडी सरळ वाटते आणि वाकलेला टाय रॉड गाडीतच राहतो. असा भाग पुढच्या खड्ड्यात किंवा गगनबावड्याकडे चढणाऱ्या करूळ घाटासारख्या रस्त्यावर ऐन वळणात दगा देऊ शकतो.

तरीही अलाइनमेंटच्या मशीनचा उपयोग सुरुवातीलाच आहे, तो केवळ मोजण्यापुरता. काहीही न फिरवता आकडे काढून द्यावेत असे स्पष्ट सांगावे आणि तो कागद जपून ठेवावा. त्यात टोपेक्षा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे झुकाव) यांची डावी-उजवी तुलना महत्त्वाची असते. दणका बसलेल्या बाजूचा कॅम्बर दुसऱ्या बाजूपेक्षा अंशभराने वेगळा असेल, तर नकल, आर्म किंवा आर्म जिथे बसतो तो चेसिसचा भाग वाकल्याची शंका घ्यावी. त्या बाजूचा कॅस्टर कमी झालेला दिसला, तर खालचा आर्म मागे ढकलला गेला असण्याची शक्यता मोठी असते. अशी गाडी बहुधा त्याच बाजूला ओढते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून पुरते सरळ होत नाही.

ओढ तपासताना आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता केलेला असतो, आणि आपण डाव्या बाजूने चालत असल्यामुळे निर्दोष गाडीही किंचित डावीकडे सरकते. म्हणून निकाल देण्यापूर्वी मोकळ्या, सपाट जागेवर गाडी चालवून पाहावी. त्यानंतर, टायर एकाच दिशेने फिरवण्याचे नसतील तर, पुढचे दोन्ही टायर आपसांत बदलावेत. ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरचा असतो. ब्रेक दाबल्यावरच गाडी ओढत असेल, तर ब्रेकचा पाइप चेपला आहे का हे आधी पाहावे.

टायर आणि रिम बाहेरून पाहून समाधान मानणे

कातळाच्या धारेवर आदळलेले रिम पुष्कळदा आतल्या काठाला वाकते आणि बाहेरून अगदी गोल दिसते. चाक स्टँडवर उचलून, जमिनीवर ठेवलेल्या चिऱ्याला एक ताठ तार बांधून तिचे टोक रिमच्या आतल्या काठाजवळ आणावे आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. तार आणि काठ यांमधले अंतर कुठे वाढते आणि कुठे घटते ते लगेच दिसते. हा फरक एक-दीड मिलिमीटरच्या पुढे गेला, तर बॅलन्सिंगची शिसे लावून थरथर जाणार नाही. तीच तार टायरच्या पट्ट्यासमोर (जमिनीला टेकणाऱ्या भागासमोर) धरली की आतल्या थरांची इजाही कळते, कारण त्या जागी पट्टा उचललेला दिसतो. बाजूच्या भिंतीला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेले आहेत. तो टायर दुरुस्त होत नाही आणि स्टेपनी म्हणूनही ठेवू नये.

थरथर कुठे जाणवते याची नोंद येथेच करावी. ती स्टिअरिंगमध्ये येत असेल तर पुढच्या चाकांकडे आणि सीटमध्ये येत असेल तर मागच्या चाकांकडे पाहावे. साधारण ताशी 70 ते 90 किलोमीटरच्या दरम्यान येऊन पुढे कमी होणारी थरथर चाकांची असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढणारी आणि सोडला की कमी होणारी थरथर प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांडीच्या) क्रॉसकडे किंवा सेंटर बेअरिंगकडे बोट दाखवते, विशेषतः शाफ्ट खडकाला घासल्याची खूण असेल तर.

सगळा दोष शॉकअपवर टाकणे

शॉकअप दिसायला समोर असतो, बदलायला सोपा असतो आणि त्यावर थोडे तेल दिसले की त्याला दोषी ठरवणेही सोपे जाते. पण दांडीजवळ तेलाचा पातळ ओशटपणा असणे आणि नळीवरून तेलाचे ओघळ येणे यांत फरक आहे. नुसता ओशटपणा असेल तर लक्ष ठेवावे, ओघळ असतील तर शॉकअप बदलावा. पिकअपच्या मागच्या पाट्यांना इतका कडकपणा असतो की हौदा दाबून गाडी हलवून पाहण्याच्या चाचणीतून फारसे काही कळत नाही. त्याऐवजी खराब रस्त्यावरून काही किलोमीटर गाडी चालवावी, लगेच थांबून चारही शॉकअपजवळ हाताची मागची बाजू न्यावी आणि एक्झॉस्टपासून हात लांब ठेवावा. काम करणारा शॉकअप कोमट किंवा गरम झालेला असतो, आणि एखादा थंडच राहिला असेल तर तो दणके शोषत नाही.

दणक्यानंतर एकच कोपरा अचानक कडक झाला असेल, तर शॉकअपची दांडी वाकून आत अडकत असावी. खालचा बोल्ट काढून तो हाताने हलवावा. विरोध संथ आणि एकसारखा लागला पाहिजे, मध्येच पोकळ जागा किंवा अडकणे लागता कामा नये. त्याच वेळी अ‍ॅक्सलवरचा रबरी बंप स्टॉप जागेवर आहे का तेही पाहावे. तो तुटून पडलेला असतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नंतर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळते.

पाटे वरवर पाहणे

टाटा 407 सारख्या गाडीला पुढेमागे पाटेच असतात, तर इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्सला पुढे कॉइल आणि मागे पाटे असतात. कोणतीही गाडी असो, मागच्या अ‍ॅक्सलची जागा ठरवतो तो पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट. त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसते. चाक कातळावर जोरात आदळून मागे ढकलले गेले की हा बोल्ट तुटू शकतो, आणि तरीही काही गळून पडत नाही, कारण यू-बोल्टनी (इंग्रजी यू आकाराच्या बोल्टनी) पाटे आणि अ‍ॅक्सल आवळून धरलेले असतात. फक्त आता त्यांना अडवणारे काही उरलेले नसते, त्यामुळे भार आणि ब्रेक यांच्या ओढीने अ‍ॅक्सल एका बाजूला मागेपुढे सरकतो. गाडी तिरकी चालू लागते, सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग जरा वळवून धरावे लागते आणि मागून येणाऱ्याला पुढची-मागची चाके एका रेषेत दिसत नाहीत. केवळ पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून स्टिअरिंग मधोमध आणले तरी मागचा अ‍ॅक्सल वाकडाच राहतो.

हे ओळखण्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. काही मिलिमीटरचा फरक मोजणीतलाही असू शकतो, पण फरक सेंटीमीटरच्या घरात असेल तर तो खरा आहे. दोष पुढे आहे की मागे हे ठरवण्यासाठी प्रत्येक हबपासून चेसिसवरच्या एखाद्या कायम भोकापर्यंतचे अंतर घ्यावे आणि दुसऱ्या बाजूशी ताडून पाहावे. चेसिसचीच शंका असेल, तर गवंड्याचा ओळंबा घेऊन दोन्ही बाजूंच्या जोडीच्या भोकांतून तो कोब्यावर सोडावा, त्या जागी खडूने खुणा कराव्यात, गाडी बाजूला काढावी आणि कर्ण मोजावेत. दोन कर्ण सारखे नसतील, तर चेसिस चौकटीतून सरकली आहे. या मोजणीत आणि गाडीची उंची मोजतानाही जमीन सपाट असली पाहिजे. अंदाजावर न जाता गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून आधी कोबाच तपासावा.

पाट्याची चीर बहुधा दोनच ठिकाणी लपते, यू-बोल्टच्या खाली आणि टोकाला बुश बसतो त्या वेढ्यात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या पाट्यावर ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तारेच्या ब्रशने गंज काढावा, केरोसीन लावून 15 मिनिटे थांबावे, फडक्याने पुसून कोरडे करावे आणि वर पांढरा खडू घासावा. मग कुणाला तरी हौद्यावर चढवून गाडी हलवायला सांगावी. चीर असेल तर तिच्यात शिरलेले केरोसीन बाहेर येते आणि खडूवर केसाएवढी काळपट रेघ उमटते. नकल आणि आर्म यांवरही हीच पद्धत चालते.

जॅक चुकीच्या जागी लावून चाक हलवणे

चाक वर-खाली धरून हलवले की बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा (गोळीवर फिरणाऱ्या सांध्याचा) प्ले, म्हणजे सैलपणा, कळतो, आणि डावे-उजवे धरून हलवले की टाय रॉडच्या टोकांचा. यात चूक होते ती जॅकच्या जागेची. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल आणि जॅक चेसिसखाली लावला, तर स्प्रिंगचा जोर खालच्या बॉल जॉइंटवर राहतो, प्ले दबून जातो आणि झिजलेला जॉइंट चांगला ठरतो. अशा गाडीत जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावावा आणि चेसिसला स्टँडचा आधार द्यावा. वर-खाली प्ले सापडला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा (ज्या गाडीत नकल खिळीवर फिरते तिथे) त्या खिळीचा, म्हणजे किंगपिनचा.

बुश बदलताना गॅरेजमध्ये सर्रास होणारी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. रबरी बुशचे बोल्ट चाके लटकत असताना शेवटचे आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळले जाते आणि नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. बोल्ट हलके लावून गाडी स्वतःच्या वजनावर उभी करावी आणि मगच पूर्ण आवळावेत.

तापवून सरळ करणे आणि वेल्डिंग

या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. पाट्याचे पोलाद उष्णताप्रक्रिया करून लवचिक केलेले असते, आणि तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग केले की जोडाच्या शेजारी ती लवचिकता जाते आणि पाटा तिथेच पुन्हा तुटतो. टाय रॉड, ड्रॅग लिंक, नकल आणि स्टिअरिंग आर्म यांना गॅसने तापवून सरळ करणे तर जिवाशी खेळ आहे. नवा भाग तालुक्याला मिळत नाही, आंब्याचा हंगाम चालू आहे, वाशीच्या बाजारात माल पोहोचवायचा आहे, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मी हलक्या मानत नाही. तरीही भाग येईपर्यंत दुसऱ्या गाडीने माल पाठवावा.

पहिला दोष सापडताच थांबणे

वाकलेले रिम सापडले म्हणजे तपास संपला, असे मानले जाते. पण रिम वाकवणारा दणका बेअरिंगपर्यंत पोहोचलेला असतो, आणि बेअरिंगच्या धावपट्टीवर पडलेले बारीक खड्डे सुरुवातीला आवाज करत नाहीत. वेगाबरोबर चढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घरघर पुष्कळ किलोमीटरनंतर ऐकू येते. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला गेलेली चीरही तशीच असते. उन्हाळ्यात तिचे काही वाटत नाही, जूनमध्ये तांबडा चिखल आत शिरतो आणि दिवाळीपर्यंत जॉइंट खुळखुळू लागतो. अ‍ॅक्सलवर मार बसल्यानंतर गाडी वहाळातून गेली असेल, तर डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचे) तेल काढून पाहावे. ते दुधाळ झाले असेल, तर पाणी आत गेले आहे.

विम्याचा दावा करायचा असेल, तर जागेवरच फोटो काढून कंपनीला ताबडतोब कळवावे. मार बसलेली गाडी तशीच चालवत राहिल्यामुळे वाढलेले नुकसान सहसा भरून मिळत नाही.

दुरुस्तीत यू-बोल्ट काढले असतील तर जुने पुन्हा लावू नयेत, कारण एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट तेवढी पकड देत नाही. नवे यू-बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोराच्या मापानुसार) आवळावेत, काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंचे हबमधले अंतर परत मोजून पहिल्या नोंदीशी ताडावे. अलाइनमेंट त्यानंतर करावी.