सबमिशनच्या दिवसांत मनगट, मान, पाठ धरते? आधी बोर्ड आणि पकड बदला

सबमिशन जवळ आलं की फाइन आर्टच्या वर्गात ठरलेलंच, कुणाची मान आखडलीये, कुणाचा अंगठा ठणकतोय आणि बाम सगळ्या बाकांवर फिरतोय. लावा की बाम, नाही कोण म्हणतंय, पण बसायची आणि पकडायची पद्धत तीच राहिली तर परवा परत तेच.

पहिलं काम बोर्डाचं. सपाट टेबलावर ठेवून वर ओणवं बसू नका, डोक्याचं वजन साधारण ५ किलो असतं आणि मान पुढे झुकली की तो सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. मागच्या कडेखाली विटा टाका नाहीतर जाड पुस्तकं, पण बोर्ड तिरका करा. डाँकीवर (म्हणजे पुढे बोर्ड टेकवायची सोय असलेल्या बाकावर) बसलात तर स्टिल लाइफ, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू, बोर्डाच्या कडेलगत दिसतील असे बसा, म्हणजे नुसती नजर फिरवून भागतं.

नाशिकच्या गोदाघाटावर लँडस्केपला गेलं की सगळे पायरीवर मांडी घालून, बोर्ड मांडीत घेऊन, पायाला मुंग्या येईपर्यंत बसतात. त्यापेक्षा वरच्या पायरीवर घडी केलेली चादर टाकून बसा, पाय दोन पायऱ्या खाली सोडा आणि बोर्ड गुडघ्यांना टेकवा. आणि वॉटरकलरवाल्यांनो, वॉश म्हणजे पातळ रंगाचा थर सुकेपर्यंत मोबाईल कशाला काढता, उठा, खांदे फिरवा, रामकुंडापर्यंत चक्कर मारून या. वॉश सुकायचा वेळ म्हणजे फुकटचा ब्रेक आहे, पावसाळी हवेत तर चांगला लांब मिळतो. पेन्सिलवाल्यांना तो मिळत नाही, त्यांनी अर्ध्या तासाचा अलार्मच लावावा.

आता हात. शेडिंग करताना स्वतःच्या बोटाकडे बघा, नखाचं टोक पांढरं पडलंय का? म्हणजे दाब जास्त होतोय. गडद टोनसाठी एचबीवर जोर काढण्यात काय अर्थ आहे, सरळ ६बी ही मऊ, गडद पेन्सिल घ्या. बारीक ब्रशच्या दांडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, पकड जाड झाली की बोटं सैल राहतात. फुल इम्पिरियल म्हणजे २२ बाय ३० इंचाचा कागद, तो उभं राहून खांद्यातून हात फिरवत करा, मनगटातून नाही.

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून छाप काढताना, खरा गुन्हेगार बोथट टूल. धार लावून घ्या आणि नाशिकच्या थंडीत लिनो कडक झाला असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो (दुसरा हात टूलच्या समोर नको, हे सांगायला लागू नये पण लागतं). क्ले मळायचं टेबल कमरेपेक्षा थोडं खाली हवं, म्हणजे अंगाचा भार कामाला येतो.

एवढं करूनही दुखलं तर नुसत्या आखडलेल्या स्नायूला शेक, ताजी सूज असेल तर कपड्यात बर्फ, १०-१५ मिनिटं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच वाकवल्यावर अंगठ्याच्या बाजूला कळ आली तर तिथले टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, सुजलेले असू शकतात. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, तर सबमिशन होऊ दे मग बघू असं करू नका, हाडांच्या डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे जा. उपाशीपोटी पेनकिलर तर नकोच. आणि जाताना ब्रश नाहीतर टूल सोबत न्या, नुसतं "हात दुखतो" सांगण्यापेक्षा पकड करून दाखवली की त्यांना लवकर कळतं.