स्पायना बायफिडा : शाळेपासून स्वतंत्र राहणीपर्यंतची तयारी

सातारा जिल्ह्यात स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष) असलेल्या मुलाचे नाव शाळेत घालताना वर्गाआधी स्वच्छतागृह पाहावे. अनेक मुलांना दर 3-4 तासांनी कॅथेटरने (बारीक नळीने) लघवी काढावी लागते, त्यामुळे आतून कडी, पाणी आणि ठरलेली वेळ यांविषयी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्यावे. कॅथेटर लॅटेक्सविरहित (नैसर्गिक रबर नसलेला) असावा, कारण या मुलांत लॅटेक्सची अॅलर्जी बरीच आढळते. कॅथेटर लावायला आईने रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाणे मायेचे असले, तरी हात चालू लागताच हे काम मुलाला स्वतः शिकवावे, असे मी आग्रहाने सांगेन. शंट (मेंदूतील जादा पाणी काढणारी नळी) असल्यास डोकेदुखी, उलट्या किंवा अभ्यासातील अचानक घसरण दिसताच डॉक्टरांकडे न्यावे, हे शिक्षकांनाही माहीत हवे.

युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असल्यास 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळते. उच्च शिक्षणात 5 आणि सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे.

नोकरीनिमित्त एकटे राहताना तळमजल्यावरील खोली घ्यावी आणि संवेदना नसलेल्या पायांची त्वचा रोज रात्री आरशात तपासावी.