मूल गप्प गप्प राहू लागलं तर या चुका टाळा

दहावी-बारावीचा निकाल जवळ आला की आपण सगळे जागे होतो. मूल खचायला मात्र कितीतरी आधी सुरुवात झालेली असते, आणि खचलेलं मूल रडतंच असं नाही. चिडतं, रात्र रात्र जागतं, संध्याकाळचा फुटबॉल सोडतं, माशाची आमटी असूनही ताट सरकवतं. ‘वयच तसलं’ म्हणून आपण मोकळे! दोनेक आठवडे हेच चाललं तर वयावर ढकलू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे थेट न विचारणं. ‘विचारलं तर डोक्यात भलतंच शिरेल’ ही भीती गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सारखीच. विचारल्याने असला विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘तसलं काही नाही ना मनात?’ असं विचारलंत तर ‘नाही’च ऐकायला मिळणार, कारण तुम्हाला तेच हवंय हे मुलाला कळतं. आढेवेढे न घेता विचारा, ‘बाय, जीव द्यावा असं मनात येतं का?’ ‘हो’ म्हणाली तर शपथा घालू नका, ‘आम्ही काय कमी केलं?’ हेही नको. ऐकून घ्या. काही ठरवलंय का, तेही विचारा. ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी बांबोळीचं मनोरुग्णालय गाठा. घरातल्या गोळ्या आणि बागायतीत फवारायची औषधं कुलपात ठेवा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर देऊच नका.

देवळात प्रसाद लावायचा, म्हणजे देवाला कौल विचारायचा, तर खुशाल लावा, पण त्यासाठी डॉक्टरची तारीख पुढे ढकलू नका. पोलिसांच्या भीतीने आत्महत्येचा प्रयत्न लपवणारीही घरं आहेत. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे असतात. बांबोळीला कुणी ओळखीचं भेटेल म्हणून पाय अडत असेल तर निदान 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर बोला. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीतून बोलता येतं.

मूल हसायला लागलं की गोळ्या परस्पर बंद करणं, ही तर नेहमीचीच चूक. नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे आणि हॉस्पिटलातून घरी आल्यानंतरचे दिवस विशेष जपायचे असतात. त्या काळात अस्वस्थता वाढलेली दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.