गेममधलं पाणी दुधाळ करायचं तर: लाँग एक्स्पोजर शिकणाऱ्यांसाठी

पणजीत मांडवीकाठी ट्रायपॉड लावून लाँग एक्स्पोजरने, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून, अटल सेतूवरच्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा टिपणाऱ्याला गेममध्येही तेच करावंसं वाटतं. मलाही वाटलं. पण बहुतेक गेमचा फोटो मोड, म्हणजे गेममधलं दृश्य टिपायची सोय, वेळच गोठवतो, आणि गोठलेलं पाणी शटर कितीही वेळ उघडं ठेवलं तरी वाहत नाही. ग्रॅन टुरिस्मो ७ सारख्या रेसिंग गेममध्ये शटर स्पीड बदलता येतो. बाकी ठिकाणी चालू खेळाच्या रेकॉर्डिंगमधून ढीगभर फ्रेम (एकेक स्थिर चित्रं) घ्यायच्या आणि एकीवर एक चढवायच्या.

रेकॉर्डिंगआधीच ठरवा: पाणी हवंय की दिवे? सगळं त्यावर अवलंबून आहे.

पाण्याला सगळ्या फ्रेमची सरासरी लागते. सेकंदाला ६० फ्रेमने ४ सेकंद रेकॉर्ड केलं की २४० फ्रेम मिळतात. त्या फोटोशॉपमध्ये एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये (अनेक लेयर एकत्र ठेवणाऱ्या पाकिटात) घालून स्टॅक मोड 'मीन', म्हणजे सरासरी, करा. शिंतोडे विरतात आणि पावसाळ्यातल्या दूधसागरासारखी सलग पांढरी धार उतरते. खडक मात्र प्रत्येक फ्रेममध्ये जागच्या जागी असतो, त्यामुळे त्याच्यावरची बारीक चुळबुळ जाऊन तो उलट जास्त स्वच्छ दिसतो. मला या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

दिव्यांना सरासरी मारक आहे. गाडीचा दिवा एका जागी दोन-तीन फ्रेमच असतो, उरलेला वेळ तिथे काळा रस्ता. सरासरी काढली की दिवा पुसला जातो. तिथे सगळ्या लेयरना (एकीवर एक ठेवलेल्या फ्रेमना) 'लाइटन' हा ब्लेंड मोड लावा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ तेवढंच उरतं. रेघ तुटक आली तर समजा, दोन फ्रेमच्या मधे गाडी बरीच पुढे निघून गेलीय. खेळाचा वेग पाव करता आला तर त्याच अंतरात चौपट फ्रेम मिळतात. नाहीतर गेमचा मोशन ब्लर (हलत्या वस्तू पुसट करणारा परिणाम) चालू ठेवा, तो फटी बऱ्यापैकी भरतो.

कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. काही गेममध्ये पात्राच्या श्वासाबरोबर चौकट डुलते, तिथे पात्रापासून सुटा कॅमेरा वापरा. स्क्रीनवरचे नकाशे-आकडे लपवा आणि रेकॉर्डिंगचा बिटरेट (सेकंदाला साठवली जाणारी माहिती) चढा ठेवा, नाहीतर अंधारात चौकोनी डाग उठतात. गेमच्या चित्रावर परिणाम चढवणाऱ्या रीशेड या साधनात हे सगळं खेळतानाच करणारे शेडरही (छोटे प्रोग्रॅम) मिळतात, पण असली साधनं ऑनलाइन गेममध्ये लावू नका. खातं बंद होऊ शकतं.

सुरुवात दिवसाउजेडी, वाहत्या ओढ्यापासून करा. झाडं शक्यतो चौकटीबाहेर ठेवा, वाऱ्याने पानांचा हिरवा लगदा होतो.