पाटे बसले, जीप कलली

आमची महिंद्राची एमएम ५४० जीप बालाघाटच्या खडकाळ वाटांवर वीस वर्षं राबली. सरकीची पोती, पेंड, वर चार पाहुणे, सगळं एकदमच. मग कमानीचे पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसले आणि ती ड्रायव्हरच्या बाजूनं कलायला लागली.

आधी गाडी सपाट जागी लावून ॲक्सलपासून चेसिसपर्यंत दोन्हीकडं टेप धरा. माझ्याकडं दीड इंचाचा फरक निघाला. कमानवाला म्हणाला, "मामा, एक जादा पाटा टाकू की!" ऐकलं. रिकामी गाडी अशी उडायची की एक पावसाळा कंबर धरून काढला. त्यापेक्षा मेन, म्हणजे सगळ्यात लांब, पाट्यासकट कमानींचा नवा जोड घ्या, दोन्ही बाजूंचा.

चेसिसखाली घोड्या (टेकू देणारे स्टँड) लावा, ॲक्सल जॅकवर तोला, मगच कमान ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट सोडा. जुने यू बोल्ट चकचकीत दिसले तरी परत वापरू नका. एकदा ताणले की ताणले. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात नीट बसू द्या, नाहीतर ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी पळते. नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस.

कमानीच्या टोकांना रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट आधी हलकेच धरा. गाडी चाकांवर उतरली, वजन आलं, की पक्के करा. अधांतरी आवळले तर रबर पिळवटून लवकर फाटतं. माझे असेच गेले.

गाडी उंचावली असेल तर ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणतो का, शॉकॲब्सॉर्बर पुरतो का, तेही बघा. आणि ५०० किलोमीटर झाले की यू बोल्टवर परत पाना फिरवा.