खिळा मारू नका, खुर्ची उघडा

फर्निचर दुरुस्ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी पॉलिश करायचं असतं. चमक दिसते ना! मी त्याच्या पुढ्यात एक डुगडुगणारी खुर्ची ठेवते आणि सांगते, ही सगळी सुटी कर.

मी शिकत होते तेव्हा अशाच एका खुर्चीच्या सांध्यात दोन खिळे ठोकून ती परत पाठवली होती. महिनाभरात ती पुन्हा दारात, पाय खिळ्यापासून उभा चिरलेला. मिस्त्री रागावले नाहीत. खिळे उपटायला बसवलं, इतकंच. अख्खी दुपार गेली.

तर खुर्ची. चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा, कारण दिसायला सारखे पाय एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रबरी हातोडीने हलके ठोके देत जोड सोडवा. हलतच नसेल तर जोर लावू नका. आधीच्या कुणीतरी आत खिळा लपवलेला असतो. जुना सरस असेल तर गरम पाण्याने आणि वाफेने मऊ पडतो. सगळा खरवडून काढा, नवा गोंद जुन्यावर धरत नाही. पण पटाशीने लाकूड तासू नका, नाहीतर आडव्या दांडीचं टोक भोकात आणखी सैल होईल. झालंच सैल, तर टोकाला त्याच जातीच्या लाकडाची पातळ सालपट चिकटवा.

गोंद लावण्याआधी एकदा कोरडीच जोडून पाहा. मग गोंद, सांधा आवळून धरायला शिकंजे (क्लॅम्प), शिकंज्याखाली लाकडी ठोकळे. सपाट जमिनीवर ठेवून कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, तो राहिला तिथे रंग चढत नाही. 24 तास हात लावायचा नाही. हे मला अजूनही जड जातं.

आता पॉलिश. जुनं काय आहे हे न ओळखता खरवडायला घेणं हा शिकाऊंचा आवडता उद्योग. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा घासा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. नाही झालं तर थिनर लावून पाहा. त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद नाही म्हणजे बहुधा पॉलीयुरेथेनसारखा कडक थर. लाखेचं असेल तर बरेचदा काढायची गरजच नसते, नव्या थरातलं स्पिरिट जुन्याला विरघळवून एकजीव करतं.

घासायचंच असेल तर सँडपेपरचे 120, 180, 220 नंबर या क्रमाने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशच्या पहिल्या हाताबरोबर सगळे वर येतात. म्हणून दिवा बाजूने, खाली धरून तपासा. आणि कड बघा: वर व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, असेल तर ते मिलिमीटरहूनही पातळ असू शकतं, दोन घाशांत आतलं लाकूड उघडं पडेल.

नवं पॉलिश करायला लाख 1 लिटर स्पिरिटला 150 ते 200 ग्रॅम, रात्रभर भिजवून, गाळून. बाटलीवर तारीख लिहा. जुनं द्रावण नीट वाळत नाही. कापसाचा बोळा मलमलीत बांधा. फिरता हात मध्येच थांबवू नका, बोळा तिथेच चिकटतो. दमट हवेत पांढुरका पडदा येतो, त्या दिवशी सरळ दुसरं काम काढा.

काम घेताना टेबलावरचे डाग नीट बघून बोला. पांढरा डाग थरातला, तो सहसा निघतो. काळा लाकडात उतरलेला असतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, हातमोजे घालून.

कधी लाकडाला जवसाचं तेल लावलंत, तर त्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवा, मगच टाका.