अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगची प्राध्यापकी: या चुका टाळा

सामन्यात खेळाडूचा घोटा मुरगळला, खांदा निखळला किंवा डोक्याला मार बसला की सगळ्यांत आधी धावत जातो तो अ‍ॅथलेटिक ट्रेनर. अमेरिकेत हा आरोग्यसेवेतला रीतसर पेशा आहे. नाटा ही त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला मान्यता दिली. जिममधला ट्रेनर वेगळा, संघाचा कोच वेगळा. हे अ‍ॅथलेटिक ट्रेनर घडवणारे प्राध्यापक विद्यापीठांत असतात, आणि आपल्याकडे फिजिओथेरपी करून अमेरिकेत गेलेल्या काही जणांना ती नोकरी खुणावते.

या नोकरीत जे अडकतात ते कामात कच्चे असतात असं मुळीच नाही. त्यांना पट्टी बांधता येते, शिकवता येतं, मुलांशी त्यांचं पटतं. फक्त आपण करतोय ते काम विद्यापीठ कुठल्या रकान्यात धरतं, आणि मुळात धरतं तरी का, हे त्यांनी वेळेवर विचारलेलं नसतं.

फिजिओथेरपीची पदवी (बी.पी.टी.) आहे, म्हणजे झालं

नाही झालं. शिकवायचं तर आधी स्वतः प्रमाणित अ‍ॅथलेटिक ट्रेनर असावं लागतं, म्हणजे बीओसी या मंडळाची परीक्षा. त्या परीक्षेला बसायला सीएएटीई या संस्थेची मान्यता असलेल्या कोर्सची पदवी लागते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.टी. कितीही चांगल्या गुणांनी मिळवली असली तरी तिच्या जोरावर थेट परीक्षा देता येत नाही. २०१५ मध्ये या क्षेत्राने ठरवलं की पेशात शिरण्याची पदवी मास्टर्सचीच असेल. २०२२ चं फॉल सत्र, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचं शरद सत्र, सुरू झाल्यावर बॅचलर्सचे नवे प्रवेश बंद झाले. तेव्हा आता मार्ग एकच, दोनेक वर्षांचं प्रोफेशनल मास्टर्स.

इथे दोन घोळ होतात. पहिला म्हणजे नावाला भुलून किनेसिऑलॉजी किंवा स्पोर्ट्स सायन्सचं मास्टर्स घेणं. ते शिक्षण चांगलंच असतं, पण त्यातून बीओसीचा रस्ता निघत नाही. दुसरा घोळ पोस्ट-प्रोफेशनल कोर्सला अर्ज करण्याचा. तो आधीच प्रमाणित झालेल्यांसाठी असतो. सीएएटीईच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो कोर्स ‘प्रोफेशनल’ गटात आहे ना, एवढं पाहून घेतलं तरी दोन वर्षं आणि लाखो रुपये वाचतात.

आणखी एक बारीक अडचण फार उशिरा लक्षात येते. प्रवेशासाठी जीवशास्त्र, रसायन, भौतिक, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय बारावीनंतर शिकलेले असावे लागतात. बी.पी.टी.मध्ये शेवटचे तीन भक्कम असतात. रसायन आणि भौतिक मात्र बहुतेकांचं बारावी सायन्सला संपलेलं असतं, आणि बारावी तिथे हायस्कूलमध्ये मोजली जाते. मग तिथल्या एखाद्या कम्युनिटी कॉलेजात ते दोन विषय करावे लागतात. निघण्यापूर्वी आपल्या कॉलेजकडून चारही वर्षांच्या सिलॅबसच्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्या. बायोमेकॅनिक्स किंवा इलेक्ट्रोथेरपीच्या पेपरात भौतिकशास्त्र किती होतं हे दाखवता आलं, तर काही ठिकाणी सूट मिळते. अमेरिकेत बसून ही कागदपत्रं मागवायची म्हणजे क्लार्कसाहेबांच्या मर्जीवर सगळं.

डॉक्टरेट कुठलीही चालेल, हा समज

प्रोग्रॅम डायरेक्टर व्हायचं तर सीएएटीईच्या मानकांप्रमाणे डॉक्टरेट लागते. प्रश्न कोणत्या डॉक्टरेटचा आहे. पीएच.डी. संशोधनाकडे नेते, एड.डी. शिक्षणशास्त्र आणि प्रशासनाकडे. डी.ए.टी., म्हणजे डॉक्टर ऑफ अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग, ही पदवी रुग्णसेवेत मुरलेल्यांसाठी आहे. नोकरी करता करता करता येते म्हणून ती लोकप्रिय आहे. अध्यापनावर भर असलेल्या विद्यापीठांत किंवा क्लिनिकल ट्रॅकच्या जागेवर ती छान चालते. संशोधनप्रधान विद्यापीठाच्या टेन्युअर ट्रॅकवर, म्हणजे काही वर्षांनी कायम नेमणूक मिळू शकते अशा जागेवर, मात्र अर्जाच्या पहिल्या चाळणीतच पीएच.डी.वाले पुढे जातात. प्रवेश घेण्याआधी आपल्याला हव्याशा वाटणाऱ्या जागांच्या दहा-बारा जाहिराती काढा आणि ‘टर्मिनल डिग्री’, म्हणजे पदासाठी लागणारी सर्वोच्च पदवी, म्हणून त्यांत काय मागितलंय ते वाचा. गाइडच्या सल्ल्यापेक्षा हे अधिक खरं निघतं, कारण गाइडला स्वतःच्या प्रयोगशाळेत माणूस हवा असतो.

ऑफर लेटरवर डोळे मिटून सही

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. नोकरी मिळाल्याच्या आनंदात आपण पगाराचा आकडा पाहतो आणि सही करतो. ‘मागायचं कसं’ हा आपला जुना संकोचही असतोच. पण वाटाघाटीची खिडकी उघडी असते ती नेमकी तेवढेच दिवस.

आधी पाहा, नेमणूक नऊ महिन्यांची आहे की बाराची. पगार नऊ महिन्यांचा आणि मास्टर्सची नवी तुकडी जूनमध्ये येणारी, असं अनेक ठिकाणी असतं. अशा ठिकाणी शवविच्छेदनाची लॅब उन्हाळ्यातच चालते. त्याचे वेगळे पैसे मिळणार का, किती, हे पत्रात नसेल तर तो उन्हाळा फुकट गेला समजा.

मग कामाची विभागणी. समजा लिहिलंय, अध्यापन ६० टक्के, संशोधन २० टक्के, सेवा (समित्या, विभागाची इतर कामं) २० टक्के. कागदावर हे ठीक दिसतं. विचारायचं ते हे, की तीन तासांची लॅब किती क्रेडिटची धरता? (क्रेडिट म्हणजे अध्यापनाचा भार मोजायचं एकक.) कित्येक ठिकाणी ती एक-दोन क्रेडिटचीच धरतात. म्हणजे गुडघ्याच्या तपासणीची एकच लॅब दोन गटांना घ्यायची झाली तर तुम्ही सहा तास उभे, आणि खात्यावर जमा जेमतेम निम्मे.

त्यातून तुम्हाला क्लिनिकल एज्युकेशन कोऑर्डिनेटर केलं असेल तर जास्तच सांभाळा. हे पद बाहेरून हलकं दिसतं: विद्यार्थ्यांना शाळा-कॉलेजं-दवाखान्यांत अनुभवासाठी पाठवायचं, एवढंच. ऑगस्टमधली एखादी सकाळ घ्या. एका हायस्कूलशी केलेला करार जुलैत संपलेला असतो आणि त्यांचा वकील नवा मसुदा परत पाठवत नसतो. दुसऱ्या ठिकाणच्या प्रिसेप्टरने, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामावर शिकवणाऱ्या ट्रेनरने, नोकरी सोडलेली असते आणि ते तुम्हाला विद्यार्थ्याकडून कळतं. तिसऱ्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड अपलोड झालेलं नसतं, म्हणून हॉस्पिटल त्याला दारातून परत पाठवतं. प्रत्येक विद्यार्थ्याला किमान सलग चार आठवडे पूर्णवेळ क्लिनिकल अनुभव मिळालाच पाहिजे, असा नियम आहे. त्या तारखा एकदा कोलमडल्या की सगळं सत्र कोलमडतं. हे सगळं ‘सेवा’ या २० टक्क्यांत बसवणारे विभागप्रमुख असतात. तेव्हा या पदासाठी प्रत्येक सत्रात किती क्रेडिटचं अध्यापन कमी होणार, हे आकड्यात लिहून घ्या. ‘बघू, करू काहीतरी’ हे उत्तर नव्हे.

पत्राच्या तळाशी ‘आणि सोपवली जातील ती इतर कामं’ अशी ओळ सापडेल. ती काढून मिळत नाही. पण ‘संघांसोबतची प्रत्यक्ष सेवा यात धरलेली नाही’ असं एक वाक्य मागून पाहा, पुष्कळदा मिळतं.

परदेशी नागरिकांसाठी आणखी एक. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेचं बंधन नाही हे बहुतेकांना माहीत असतं. ग्रीन कार्डाबाबत मात्र गाफीलपणा दिसतो. त्यासाठी लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी लागते; वर्गात शिकवणाऱ्यांसाठी तिची एक सोपी वाट आहे, पण निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत तो अर्ज गेला पाहिजे. ‘आधी रुळू, मग बोलू’ म्हणणाऱ्यांची मुदत रुळण्यातच संपते आणि भरतीची जाहिरात पुन्हा काढावी लागते. विद्यापीठ हा अर्ज कधी करणार, हे ऑफरच्या वेळीच विचारा.

मैदान सुटत नाही, किंवा पार सुटतं

पूर्वी एकाच माणसाने दुपारपर्यंत शिकवायचं आणि मग संघासोबत उभं राहायचं, अशी दुहेरी नेमणूक सर्रास असे. आजही लहान कॉलेजांत ती सापडते. कोचला तुम्ही दुपारी तीनला हवे असता आणि डीनला त्याच वेळी बैठकीत. दोघांनाही तुम्ही अर्धवेळच दिसता, आणि दोघेही पूर्णवेळाची अपेक्षा ठेवतात. (गणपती नेमके फुटबॉलचा हंगाम उभा राहताना येतात, हे वेगळं दुःख.) अशी नेमणूक घ्यावीच लागली तर दोन्ही साहेबांना एकाच खोलीत बसवून आठवड्याचं वेळापत्रक ठरवा. दोघांचे निरोप पोचवत तुम्ही मधे फिरत राहिलात तर मेलात.

याच्या उलट टोकाला गेलेलेही असतात. डॉक्टरेट झाली, वर्ग मिळाला, आता मैदान कशाला? तीन-चार वर्षांनी मेंदूला मार बसलेल्या खेळाडूच्या तपासणीची पद्धत बदललेली असते आणि प्राध्यापक जुन्याच स्लाइड दाखवत असतात. मानकांत प्राध्यापकाचं ज्ञान आणि सराव समकालीन असावा अशी स्पष्ट अपेक्षा आहे. शिवाय प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांनी ५० तासांचं निरंतर शिक्षण लागतं. आठवड्यातली एक दुपार विद्यापीठाच्याच क्लिनिकमध्ये काढली तर बरंच साधतं. ‘विद्यापीठाच्याच’ असं मुद्दाम म्हटलं, कारण एच-वन-बीवर असताना शनिवारी एखाद्या क्लबच्या स्पर्धेत पैसे घेऊन उभं राहणं म्हणजे परवानगीशिवायची नोकरी होते. अमेरिकन सहकारी ते बिनदिक्कत करतात म्हणून आपणही केलं, तर व्हिसा अडचणीत येतो.

निकाल घसरला की परीक्षेचीच घोकंपट्टी

बीओसीत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण तीन वर्षं मिळून ७० टक्क्यांच्या खाली गेलं की मान्यतेवर प्रश्न उभा राहतो. तुकड्या लहान असतात, त्यामुळे हा आकडा फार चंचल आहे. दर वर्षी ८ विद्यार्थी धरा. तीन वर्षांचे २४, त्यातले किमान १७ पहिल्या फटक्यात पास व्हायला हवेत. एका वर्षी फक्त ४ झाले, तर उरलेल्या दोन वर्षांत १६ पैकी १३ हवेत. एखादं वाईट वर्ष पुढची दोन वर्षं मानगुटीवर बसतं ते असं.

अशा वेळी नवा प्राध्यापक घाबरून सगळी सत्रं सराव परीक्षांनी भरून टाकतो. त्याने फारसं साधत नाही. परीक्षेचे पाच विभाग आहेत. मुलं कुठे गळताहेत ते विभागवार काढा. निदानात कमी पडत असतील तर लॅबमध्ये लक्षणं न सांगता रुग्ण समोर बसवा. प्रशासन आणि व्यावसायिक जबाबदारी या विभागात पडत असतील, तर तो विषय शेवटच्या सत्रातल्या कंटाळवाण्या तासाला ढकलला गेलाय का ते बघा. हे सगळं बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवा. मान्यतेची समिती आली की ती आधी विचारते, घसरण दिसल्यावर तुम्ही काय केलंत आणि त्याचा कागद कुठे आहे.

संशोधन पुढच्या वर्षी

टेन्युअरची फाइल साधारण सहाव्या वर्षी जाते. पहिलं वर्ष नवे कोर्स उभे करण्यात जातं, दुसरं मान्यतेच्या अहवालात, आणि तिसऱ्या वर्षीच्या आढाव्यात प्रकाशनांचा रकाना रिकामा. मानवी सहभागींवरच्या संशोधनाला नैतिक समितीची परवानगी लागते, शोधनिबंधाची तपासणी कित्येक महिने चालते. म्हणून पहिल्याच सत्रात डॉक्टरेटच्या प्रबंधातला एक तुकडा ‘जर्नल ऑफ अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग’ किंवा शिक्षणविषयक नियतकालिकाकडे धाडून द्या. आणि अध्यापनावरचं संशोधन आपल्या विभागात धरलं जातं की नाही, हे टेन्युअरच्या नियमावलीत शोधा. काही विभाग आनंदाने धरतात, काही नाक मुरडतात.

आपलं काम आपणच काय सांगायचं?

हा खास आपला दोष. वार्षिक अहवालात ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले’ एवढं लिहून मोकळे होतो. शेजारच्या खोलीतला सहकारी तेच काम असं लिहितो: ‘क्लिनिकल सत्रात ११ विद्यार्थ्यांचं दर आठवड्याला निरीक्षण, नव्या ४ प्रिसेप्टरचं प्रशिक्षण, दोन नवे करार.’ समितीला दोघंही अनोळखी. ती जे लिहिलंय तेच वाचते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात कुणी तुमच्या उच्चारांवर घसरलं तर गप्प बसू नका. सत्राच्या मध्यावर स्वतःच एक छोटा अभिप्राय घ्या, ज्येष्ठ सहकाऱ्याला वर्गात बसवून त्याचं लेखी निरीक्षण घ्या, आणि दोन्ही फाइलला लावा.

प्रोग्रॅम चालू राहणार आहे का?

मास्टर्सची सक्ती झाल्यावर कित्येक लहान कॉलेजांनी हा विषयच बंद केला. फी वाढली, अर्ज घटले, आणि मानकांप्रमाणे किमान तीन मुख्य प्राध्यापक ठेवायचे म्हणजे लहान कॉलेजाच्या अंदाजपत्रकाला ते जड जातं. तरीही जाहिराती निघतात. मुलाखतीला जाण्याआधी सीएएटीईच्या यादीत त्या प्रोग्रॅमपुढे प्रोबेशन किंवा स्वेच्छेने माघार असं काही लिहिलंय का ते पाहा. निकाल आणि विद्यार्थी टिकण्याचे आकडे कॉलेजला स्वतःच्या पानावर द्यावेच लागतात, तेही वाचा. मुलाखतीत गेल्या तीन वर्षांच्या प्रवेशसंख्या विचारा आणि तुमच्या आधीचा माणूस का गेला हेही विचारा. उत्तर गोलगोल आलं, तर बहुधा शेवटच्या तुकड्या पार पाडण्यापुरतीच ती जागा आहे. पगार आणि अनुभव दोन्ही मिळतात, म्हणून हवी तर घ्या. फक्त त्या गावात घर विकत घेऊ नका.